अर्धं गाऱ्हाणं

"कडी नाय, कोयंडो नाय. ह्यां घर आसा काय एष्टीचो स्टँड?"

आजी हे अक्षयाच्या केसांत म्हणाली. वेणी घालताना ती जे पुटपुटायची ते थेट केसांत जायचं, खोबरेलाबरोबर मुरायचं आणि दिवसभर डोक्यात राहायचं. मोठ्याने बोलायची सोय नव्हती. ज्याच्याबद्दल बोलायचं तो, म्हणजे आजीचा झिल आणि अक्षयाचा बाप सुशांत, पडवीच्या टोकाला भिंतीला पाठ लावून चहा पीत होता. पायांत कॅनव्हासचे बूट, नाड्या आवळून बांधलेले. स्वतःच्या घरात, सकाळच्या चहाला.

कड्यांचं असं झालं की बोटीवरून परतल्यावर लगेचच त्याने स्क्रूड्रायव्हर घेतला आणि घरातल्या सगळ्या दारांच्या कड्या काढल्या. न्हाणीघराचीसुद्धा. मागच्या अंगणात पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या होत्या, त्याच्याच पगारातून, त्यांच्याही. कोल्हापूरचं एक कुटुंब उतरलं होतं. एकाने न्हाणीघरात जायचं आणि दुसऱ्याने बाहेर उभं राहून गाणं म्हणायचं, असा त्यांनी दिवसभर कारभार चालवला. हसत हसत चालवला, पण संध्याकाळी सामान उचलून तोंडवलीला दुसरीकडे गेले. नम्रताने, सुशांतच्या बायकोने, त्यांना सांगितलं की कड्यांना वाळवी लागली होती. लोखंडी कड्यांना.

कुकर माळ्यावर गेला, भात टोपात शिजू लागला. माडावर चढणाऱ्याला आजोबा दत्ताराम यांनी बजावलं, नारळ टाकायचे नाहीत, दोरीने सोडायचे. तो वरूनच म्हणाला, "काका, नारळ आसत काय अंडी?" खाली कुणी हसलं नाही. 'सुशांत वाईच थकलो आसा' एवढंच घरात ठरलेलं वाक्य होतं, आणि प्रत्येकजण ते दाराआडून, विहिरीवरून, फोनवरून सारखंच म्हणायचा.

जे घडलं त्यालासुद्धा एकच शब्द ठरला होता, अपघात. तांबड्या समुद्रात बोटीवर काहीतरी येऊन आदळलं. टीव्हीवाले त्याला क्षेपणास्त्र म्हणत होते, कंपनीचा माणूस फोनवर 'घटना' म्हणाला, घरात अपघात म्हणायचं ठरलं. दुसऱ्या कुणाची तरी लढाई होती आणि यांची बोट मधून चालली होती, धान्य घेऊन. आमच्याकडे लढाईवर जातात ते पलटणीतले. ते परतले की त्यांना शाल मिळते, नारळ मिळतो, शाळेत भाषण करायला मिळतं. बोटीवरून परतलेल्याला लोक विचारतात, बॅगेत काय हाडलंस? सुशांतने बॅगच आणली नव्हती. ती बोटीबरोबर बुडाली. इंजिनरूममध्ये त्याच्या हाताखाली काम करणारा एक पोरगाही बुडाला. त्या पोराचं नाव घरात फक्त नम्रताला ठाऊक होतं, कारण दुपारच्या झोपेत सुशांत त्याला हाका मारायचा. दार अडकलं होतं म्हणे. बाहेरून सुशांत ओढत होता, आतून पोरगा ठोकत होता. हे नम्रता तिच्या बहिणीला फोनवर सांगत असताना अक्षया परकराला इस्त्री करत होती. तिने इस्त्री जरा जास्त वेळ एकाच जागी धरली. डाग अजून आहे.

अक्षया पाचवीत होती आणि तिला एक गोष्ट ठाऊक होती, जी बाकी कुणाला ठाऊक नव्हती. हे सगळं तिच्यामुळे झालं होतं.

बोटीची बातमी आली तेव्हा फोन लागत नव्हता. घर सगळं रवळनाथाच्या देवळात जाऊन बसलं. गावात गाऱ्हाणं घालावं तर दत्तारामाने. त्याचा आवाज मोठा, आणि देवाशी बोलण्याची तऱ्हा अशी, की पलीकडच्या वाडीतल्या थोरल्या भावाला उंबऱ्यातून साद घालतोय. तो एकेक मागणं मांडणार आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून आपला आवाज जोडायचा, ही रीत. त्या दिवशी दत्तारामाने हात जोडले, तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. गावाने असं कधी पाहिलं नव्हतं. माणसं पायांकडे बघत राहिली. तेव्हा अक्षया पुढे झाली आणि आजोबाच्याच चालीत म्हणाली, "देवा रवळनाथा, माझ्या पप्पांका परत हाड. मी तुझ्या दारात हजाराची माळ लावतलंय रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले, आणि बायका रडल्या.

पुढे सुशांतचा फोन आला, मग सुशांत आला. चेडवाच्या नवसाने बापूस परत इलो, असं गावभर झालं. दुकानात तिला फुकट चॉकलेट मिळालं. दत्तारामाने मालवणच्या बाजारातून हजार फटाक्यांची लाल माळ आणून ठेवली, झिल येणार त्याच्या आदल्या दिवशी. मग झिल आला. घाटरस्त्याने येताना तळेऱ्याला बापलेक चहासाठी उतरले तिथे एका ट्रकचा टायर फुटला, आणि सुशांतला गाडीखालून बाहेर यायला बराच वेळ लागला. हे दत्तारामाने घरी आल्यावर कुणाला सांगितलं नाही. फक्त ती माळ तांदळाच्या रिकाम्या पिंपात ठेवली आणि वर झाकण लावलं. नवसाचं नाव मग कुणी काढलं नाही.

आलेल्या माणसाकडे अक्षया लांबून बघायची. तिचे पप्पा फोनमधले होते. ते कुठल्यातरी बंदरावरून व्हिडिओ कॉल करायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे, आज निस्त्याक काय? ती बांगडो म्हणाली की ते नाक फोनला लावून हुंगायचे. "इलो गो बाय, वास इलो. मीठ कमी आसा, आवशीक सांग." या माणसापुढे खरा बांगडा ठेवला तरी तो हुंगत नव्हता. तो दाराकडे बघत जेवायचा. अक्षया आपलं ताट घेऊन आजीच्या पलीकडे बसू लागली. आई म्हणाली पप्पांच्या बाजूला बस, तर तिकडे मुंग्या आहेत म्हणाली. आईने मुंग्या बघितल्याही नाहीत. कधीकधी, भांडी घासताना, नम्रतालाही फोनमधल्या नवऱ्याची आठवण यायची. मग ती भांडी दोनदा घासायची.

एकदा अक्षयाने ताट पाडलं. हातातून सुटलं नव्हतं, पाडलं. तिला बघायचं होतं. सुशांत तिच्याकडे पाठ करून बसला होता. ताट लादीवर आपटलं आणि दुसऱ्या क्षणी तो बाकाखाली होता, हात डोक्यावर. चहा लादीभर. मग तो हळूहळू बाहेर आला, ते ताट उचललं, सदऱ्याला पुसलं आणि तिच्यासमोर धरलं. "लागला नाय मा तुका?" त्याने विचारलं. तिने मान हलवली आणि पळाली. त्याने विचारलं ते तिला त्याच्या बाकाखाली जाण्यापेक्षा वाईट वाटलं. त्यानंतर ती स्टीलचं भांडं दोन्ही हातांनी धरू लागली, पण जे पाडलं ते पाडलंच होतं.

काय चुकलं ते तिला विहिरीवर कळलं. पलीकडच्या बाबलीची विहीर गावात सगळ्यांना माहीत. तिचं पाणी खारं. दत्ताराम ही गोष्ट पोरांना नेहमी सांगायचा: बाबलीच्या सासऱ्याने गाऱ्हाणं घातलं, देवा माझ्या विहिरीक पाणी लागां दी. गोडां म्हणायचं राहिलं. लागलं, भरपूर लागलं, पण बाजूला खाडी. "देवाकडे बोलूचा तर सगळा बोलूचा," आजोबा सांगायचा. "अर्धा सांगलास तर अर्धाच गावतला. देव काय मनातला वाचूक बसलेलो नाय, तेका गाव सांभाळूचो आसता."

बाबलीच्या विहिरीवर आजी कपडे आपटत होती, धुण्यापुरतं ते पाणी चालतं, आणि अक्षयाच्या डोळ्यांसमोर तो सगळा दिवस आला. पप्पांका परत हाड. एवढंच म्हणाली होती ती. बरे हाड म्हणायचं राहिलं. जसे होते तसे हाड म्हणायचं राहिलं. देवाने तिने मागितलं तेवढं दिलं होतं. आणि लोक तिला चॉकलेट देत होते.

आता नवं गाऱ्हाणं घालायला हवं होतं, पुरं. पण त्यालाही रीत होती, आणि तीही आजोबाचीच: जुना नवस फेडल्याशिवाय देवाकडे दुसरं मागायचं नाही. माळ पिंपात होती. मोठ्यांनी ती लावली नाही म्हणजे ते विसरले, असं तिला वाटलं. मोठी माणसं काही गोष्टी विसरत नाहीत, बाजूला ठेवतात, हे कळायचं तिचं वय नव्हतं.

रवळनाथाच्या जत्रेच्या दिवशी तिने माळ दप्तरात भरली. दुपार निवडली. दुपारी रवळनाथाशेजारच्या देवीची ओटी भरायला बायका येतात, गुळाच्या खाजाची दुकानं लागत असतात, दशावताराचं सामान टेंपोतून उतरत असतं; एखादी माळ वाजली तर कुणाला नवल नाही. पप्पा तर घरी होते. परतल्यापासून ते फाटकाबाहेर गेले नव्हते, आणि घरापर्यंत आवाज पोचणार नाही हे तिने शाळेच्या सुट्टीत मुलांनी देवळामागे लावलेल्या लवंग्यांवरून पारखून ठेवलं होतं. इतका विचार तिने केला होता.

नम्रतानेही विचार केला होता. दुपारी जत्रेत रात्रीसारखी गडबड नसते, तेवढ्यात नवऱ्याला हाताला धरून देवापर्यंत नेऊन आणू. पोरीला खाजा घेऊ. बापाला तिथे बघून पोरगी हरखेल. तिने कुणाला सांगितलं नव्हतं, नाट लागेल म्हणून.

देवळामागे चिऱ्याच्या गडग्याला लागून अक्षयाने माळ पसरली. देवळातली पेटती उदबत्ती आणली होती, ती वातीला लावली आणि मागे सरून हात जोडले. नवं गाऱ्हाणं तिने पाठ केलं होतं. पप्पांका बरे कर. तेंका हसूक लाव. तेंका बूट काढूक लाव. कडये परत बसांदेत. ताट मी मुद्दाम पाडलंय, ता माफ कर. माळेचा आवाज इतका होता की तिचं तिलाच ऐकू येत नव्हतं, म्हणून ती ओरडून सांगत होती. शेवटचा फटाका फुटला तेव्हा तिला समोरच्या बाजूने दुसरा कुणाचातरी ओरडा ऐकू आला, आणि तो थांबत नव्हता.

ती वळसा घालून पुढे आली. खाजाच्या दुकानाची फळी उलटली होती. वाळूत सुशांत पालथा पडला होता आणि त्याच्या अंगाखाली तिच्या वर्गातला प्रीतम होता. आवाज सुरू झाल्याबरोबर त्याने जवळ उभं असलेलं पोर ओढून खाली घेतलं होतं आणि त्याच्यावर आपलं अंग टाकलं होतं. प्रीतम रडत होता. सुशांत हिंदीत ओरडत होता, दरवाजा खोल, दरवाजा खोल. दोघातिघांनी त्याला धरून उठवलं तेव्हा त्याची पँट भिजलेली दिसली. एका मुठीत खाजाची पुडी होती, पिळून चुरा झालेली.

सगळे बोलू लागले. ऊन लागलं. उपाशी होता का? कुणीतरी म्हणालं, साखर कमी झाली, आणि ते सगळ्यांना फार पटलं. ज्याला कधी मधुमेह झाला नाही त्या माणसाच्या तोंडात बायकांनी साखर घातली, खाजाचे तुकडे घातले. तो ते चावत उभा राहिला, मांड्या जवळ घेऊन. त्याच्या पायांतले बूट ओले होते.

प्रीतमने वाळू झटकली, नाक पुसलं. तो अक्षयाच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि त्याला आता हिशेब चुकता करायचा होता. "गो, तुझो बापूस मा तो? येडो झालो काय?"

पोरं बघत होती. अक्षयाच्या हाताला फटाक्यांच्या दारूचा वास येत होता. ती म्हणाली, "माझे पप्पा बोटीवर आसत."

ती हळूच म्हणाली असती तरी चाललं असतं. पण अजून कानात माळ वाजत होती आणि तिला आपला आवाज कळला नाही. सुशांतने मान वर केली. त्याने तिच्याकडे बघितलं, रागाने नाही. त्याने फक्त मान हलवली, होय म्हटल्यासारखी, आणि नम्रताच्या आधाराने घराकडे चालू लागला.

संध्याकाळपर्यंत ठरलं की माळ भायरच्या पोरांनी लावली. मुंबईची असतील नाहीतर पर्यटक. आजी त्यांना भरपूर बोलली, वर खोल्यांचं भाडं घेतो त्यांचंच म्हणून जरा कमीही बोलली. नम्रता तांदळाच्या पिंपाकडे गेली, झाकण उचललं, आत बघितलं, झाकण लावलं. अक्षया दारात उभी होती. नम्रता तिला म्हणाली, "हात धू साबणान, जेवक बस." एवढंच. अक्षयाला वाटत होतं एक थोबाडीत बसेल. बसली असती तर बरं झालं असतं. ती जेवली, सगळं जेवली, कारण ताटात टाकलं तर कुणीतरी विचारील असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्ताराम म्हणाला, देवाकडे जाऊन येऊया. जत्रेच्या दिवशी देवाच्या दारात असं झालं, ते देवाच्या कानावर घालायला हवं. सुशांत येईल असं कुणी धरलं नव्हतं. पण तो उठला आणि मागून चालू लागला, थोडं अंतर ठेवून.

देवळासमोर खाजावाले पत्रे उतरवत होते. वाळूत लाल कागदाचे तुकडे विखुरले होते आणि सगळेजण त्यांच्यावरून न बघता चालले. पायरीशी सुशांत थांबला. देवळात जायचं तर पायताण काढायला हवं. तो बराच वेळ नाड्यांकडे बघत होता. मग खाली बसून त्याने बूट काढले, एकमेकांना लावून पायरीवर ठेवले आणि आत येऊन दाराजवळच्या खांबाला टेकला. त्याचे पाय पांढरेफटक होते, बरेच दिवस पाण्यात राहिल्यासारखे.

माणसं आलेली बघून गुरव आला, फुलं ठेवायला आलेल्या दोन बायका थांबल्या, खाजावाल्यांतला एकजण हात पुसत येऊन उभा राहिला. दत्तारामाने नारळ ठेवला, हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, गावच्या राखणदारा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इलेली आसत रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"माझो झिल सुशांत दर्यार पोट भरूक गेल्लो. थंय बोटीक वाईच अपघात झालो. पण तू तेका सुखरूप घराक हाडलंस रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

अक्षया आजोबाच्या बाजूला उभी होती. तिचे ओठ मिटलेले होते. आजोबाचा मोठा आवाज आज कुठेतरी भिंत धरून चालल्यासारखा येत होता.

"काल तुझ्या जत्रेत उन्हान तेका चक्कर इली. खंयच्या भायरच्या पोरांनी फटाके लायले, तेंका सुबुद्धी दी, आणि..."

दत्ताराम थांबला. त्याला पुढचं माहीत होतं, पन्नास वर्षं तो ते म्हणत आला होता. लेकरांक राजीखुशी ठेव, काय चूक झाली आसात तर पदरात घे. पण तो थांबला, आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' तोंडात धरून उभे राहिले.

"आजो," अक्षया म्हणाली, "तू अर्धा सांगतस."

आजीने तिचा दंड धरला. तिने तो सोडवून घेतला नाही, तशीच देवाकडे वळली. आवाज आजोबासारखा लावायला गेली, जमला नाही. आपल्याच आवाजात बोलली.

"फटाके मी लायलंय. नवस फेडूक. पप्पांका परत हाड म्हणान सांगलंय, बरे हाड म्हणूक इसारलंय. ता माझ्या हातसून झाला." "आणि काल मी खोटा बोललंय, पप्पा बोटीवर आसत म्हणान. ते हंय आसत. तेंनी ऐकलानी."

आजीचा हात दंडावरून सुटला. नम्रताने पदर तोंडाला लावला, पण थांब म्हणाली नाही.

"पप्पांका चक्कर येवक नाय. साखर पण कमी नाय. आणि तो अपघात नाय होतो." आता ती रडत होती, पण शब्द एकेक करून, न चुकता सांगत होती, काही राहून जाऊ नये म्हणून. "ती लढाय होती. माझे पप्पा लढायेतसून इलेत, आणि तेंका भिया वाटता. रोज वाटता. तेंका भिया वाटता रे म्हाराजा."

रीतीप्रमाणे इथे सगळ्यांनी आवाज द्यायचा. गुरव दत्तारामाकडे बघू लागला, दत्ताराम नारळाकडे. बाहेर पत्रा वाजला, खाजावाल्यांचा, आणि दाराजवळच्या खांबाला धरलेला हात घट्ट झाला, पण सुटला नाही.

मग त्या खांबाकडून आवाज आला. घोगरा, न वापरलेला, पण सगळ्यांना ओळखू आला.

"व्हय म्हाराजा," सुशांत म्हणाला.